'पार्ट-टाइम' सैनिक म्हणू नका!

टेरिटोरियल आर्मी म्हटलं की आपल्याला आठवतो तो धोनी. २०११ साली त्याला मानद लेफ्टनंट कर्नल केलं आणि वर्दीतले फोटो घरोघरी पोचले. धोनीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. २०१९ मध्ये तो काश्मीरात आपल्या बटालियनबरोबर राहूनही आला. तक्रार आहे ती आपल्याबद्दल. नोकरी सांभाळून हीच वर्दी घालणारा साधा माणूस शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहत असला, तर आपण त्याला 'पार्ट-टाइमवाला' म्हणून मोकळे होतो!

मंडळी, हा हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही. इंग्रजांच्या काळात शहरोशहरी व्हॉलंटियर पलटणी होत्या, पण त्यात भरणा गोऱ्यांचा आणि अँग्लो-इंडियनांचा. आम्हालाही घेऊ द्या, असा ठराव काँग्रेसनं १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात केला. सरकारनं दाद दिली नाही. दार किलकिलं झालं ते १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या गरजेपोटी. आणि १९२० मध्ये कायदे झाले तेही दोन... गोऱ्यांसाठी ऑक्झिलरी फोर्स, आपल्यासाठी इंडियन टेरिटोरियल फोर्स. पंक्तिभेद तिथेही होताच.

तो पंक्तिभेद स्वतंत्र भारतानं मोडला. १९४८ मध्ये एकच कायदा आला आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला राजाजींच्या हस्ते आजच्या टेरिटोरियल आर्मीचं उद्घाटन झालं. १९६२, १९६५, १९७१... तिन्ही युद्धांत ही माणसं कामाला आली. पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ या बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीच्याच. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन बोलावण्याची मुभा सरकारनं लष्करप्रमुखांना दिली. हा पार्ट-टाइम कारभार वाटतो?

आता आपलं वागणं बघा. या सैन्यात यायचं तर स्वतःचा पोटापाण्याचा उद्योग हवा, ही मूळ अट. म्हणजे सारा डोलारा उभा आहे तो नोकरी देणाऱ्याच्या समजूतदारपणावर. सेवेसाठी गेलेल्या माणसाला परत कामावर घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. पण माझ्या आतेभावानं वार्षिक प्रशिक्षणासाठी रजा मागितली, तर साहेब म्हणाले, "एवढी हौस असेल तर तिकडेच जा की कायमचा." पुढच्या वर्षी बढतीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. हेच साहेब १५ ऑगस्टला छातीवर तिरंगा लावून भाषण करतात!

१८८६ मध्ये नकार देणारं सरकार निदान परकं तरी होतं. आज रजा नाकारणारा आपल्यातलाच असतो.

आमच्या सीवूड्समध्ये २६ जानेवारीला सोसायट्यांमधून झेंडावंदन होतं, लाउडस्पीकरवर गाणी लागतात. लागू देत. पण तुमच्या हाताखाली असा कुणी काम करत असेल, तर त्याच्या रजेच्या अर्जावर मुकाट्यानं सही करा आणि त्याची खुर्ची राखून ठेवा. माझ्या लेखी देशभक्ती ती.