आधी पगार, मग घराचा हप्ता

गेल्या रविवारी सकाळी आमच्या शेजारचे एक तरुण गृहस्थ पत्नीसह घरी आले. हातात कागदांची पिशवी. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ते बारा वर्षे नोकरीला आहेत. "दादा, सही करण्याआधी एकदा नजर टाका," म्हणून त्यांनी कागद पुढे ठेवले.

नाशिकला सातपूरजवळ त्यांनी २२ लाखांचे घर पाहिले आहे. वडील थकले, तिकडे एकटे असतात, म्हणून बिऱ्हाड हलवायचे ठरले. तिथे नोकरी मात्र अजून मिळालेली नाही. बेत असा होता की, इथल्या पगारपत्रकावर १८ लाखांचे कर्ज काढायचे, बँकेचा चेक निघाला की राजीनामा द्यायचा आणि मग सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम शोधायचे. हा मार्ग घर दाखविणाऱ्या दलालाने सुचविला होता. "बँकेला कशाला सांगता? एकदा पैसे सुटले की कोण विचारतो?"

आम्ही म्हणालो, "बँक विचारणार नाही कदाचित. पण हप्ता दर महिन्याला विचारील."

हिशेब कागदावर मांडून दाखविला. व्याज ९ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर १८ लाखांचा हप्ता सुमारे १६ हजार २०० रुपये होतो. वीस वर्षांत बँकेत भरायची रक्कम ३८ लाखांच्या पुढे जाते. वरचे ४ लाख आपले, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून दीड लाखाच्या आसपास खर्च. हा खर्च बँक सहसा कर्जात धरत नाही. म्हणजे साठवलेली सारी पुंजी घरातच जाणार आणि पहिल्या महिन्यापासून पगार बंद. मुलांची फी, किराणा, वडिलांचे औषध कशातून भागवायचे?

आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने नेमके हेच केले होते. नवी नोकरी महिनाभरात मिळेल असे वाटले, मिळायला सात महिने लागले, तीही कंत्राटी. आधी दागिने गहाण पडले, मग हातउसने झाले, शेवटी घर घाईत कमी भावात विकले. आज ते पुन्हा भाड्याने राहतात.

कायदाही समजून घ्यावा. हप्ता ९० दिवस थकला की बँक ते खाते बुडीत वर्गात टाकते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि तेवढ्यात थकबाकी भरली नाही, तर बँक घराचा ताबा घेऊ शकते. कर्जाच्या करारावर आपली सही असते. दिलेली माहिती खरी आहे, नोकरी बदलली तर कळवू, असे आपण त्यात लिहून देतो. ते लपविणे म्हणजे स्वतःच्याच सहीला खोटे पाडणे होय.

यावर त्या ताई इतका वेळ गप्प होत्या, त्या बोलल्या. "भाड्याने खोली मागायला गेलो की आधी आडनाव विचारतात. दोन ठिकाणी नाही म्हणाले. आपलं घर असलं की कुणाच्या दारात उभं राहायला नको."

आम्हांला उत्तर सुचेना. हे दुःख आमच्याही घराने भोगले आहे. पण त्या अपमानावर औषध म्हणून न झेपणारे कर्ज घेतले, तर तेच घर जाईल आणि त्याच दारात पुन्हा उभे राहावे लागेल. म्हणून त्यांना जो क्रम सांगितला, तोच वाचकांसाठी देत आहोत.

पहिले, आपल्याच कंपनीची शाखा नव्या गावी असेल तर बदली मागावी. नोकरी सलग राहिली तर बँकेची अडचण राहत नाही. तसे नसेल, तर नोकरी हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नये.

दुसरे, घरातील एकाने आधी जावे. बाकीच्यांनी मुलांचे शाळेचे वर्ष संपेपर्यंत थांबावे. नातलगांच्या, ओळखीच्यांच्या मदतीने खोली मिळवावी. भाडेकराराची नोंदणी करून घ्यावी. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने ती करणे घरमालकावर बंधनकारक आहे.

तिसरे, नव्या जागी कायम होईपर्यंत धीर धरावा. बँका साधारणतः तीन महिन्यांची पगारपत्रके, दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचे बँक खाते पाहतात. रोखीने मिळणारी कमाई त्यांच्या हिशेबात येत नाही, म्हणून पगार खात्यातच घ्यावा. जुना पी.एफ. मोडू नये, नव्या नोकरीत वर्ग करून घ्यावा.

चौथे, थांबणे शक्यच नसेल, तर ज्याची कमाई चालू राहणार आहे अशा घरातल्या माणसाच्या पगारावर, त्याला झेपेल एवढेच कर्ज काढावे. निदान सहा हप्त्यांची रक्कम वेगळी ठेवावी. आमच्या उदाहरणात ती ९७ हजारांच्या वर होते.

पाचवे, पावतीवाचून विसार देऊ नये आणि कर्ज नामंजूर झाल्यास पैसे परत, असे लिहून घ्यावे. रेरा कायदा लागू असलेल्या नव्या इमारतीत, नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. २२ लाखांवर ते २२ हजार होतात.

या पती-पत्नींनी दलालाला ११ हजार आधीच दिले आहेत, पावती नाही. ते परत मिळतील याची खात्री आम्ही देऊ शकलो नाही. मागायला मात्र आम्ही सोबत जाणार आहोत.

जाताना ताईंनी विचारले, "मग घर होणारच नाही का?"

होईल, ताई. थोडे उशिरा होईल. सध्या भाऊ रजा टाकून नाशिकला गेले आहेत, अर्ज करायला. वाचकांपैकी कुणाला सातपूर-अंबडकडच्या कामाची माहिती असेल, तर या सदराच्या पत्त्यावर दोन ओळी जरूर लिहाव्यात.