विश्लेषण : बंद भारत आणि खुला भारत, दोन्ही पाहिलेली पिढी २०२४ मध्ये कशी ओसरली?

तबलावादक उस्ताद झाकीर हुसेन १५ डिसेंबरला गेले, दिग्दर्शक श्याम बेनेगल २३ ला आणि माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग २६ ला. त्याआधी ऑक्टोबरमध्ये रतन टाटा, सप्टेंबरमध्ये सीताराम येचुरी, फेब्रुवारीत अमीन सयानी, फली नरिमन आणि मनोहर जोशी. क्षेत्रे वेगळी, विचारही वेगळे. पण यातील बहुतेकांची कारकीर्द परवाने आणि टंचाईच्या भारतात सुरू झाली आणि खुल्या बाजाराच्या भारतात संपली. १९९१ ने काय दिले आणि काय नेले, या वादातले अनेक साक्षीदार एकाच वर्षात गेले.

परवान्यांच्या काळात वाट कशी काढली जात असे?

अमीन सयानींचे उदाहरण बोलके आहे. १९५२ मध्ये माहिती व प्रसारणमंत्री झालेले बा. वि. केसकर शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप कोलंबोला जायची आणि तिथून तो भारतभर ऐकला जायचा. आकाशवाणीने १९५७ मध्ये विविध भारती सुरू केली, त्यामागे ही स्पर्धा होती.

बेनेगल यांनी पैशाचा प्रश्न असाच वळसा घालून सोडवला. १९७६ च्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. त्याच्या पुढच्या वर्षी आलेल्या ‘भूमिका’ला हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनाचा आधार होता.

मात्र सरकार तेव्हा फक्त अडवतच होते, असे म्हणणे अर्धवट ठरेल. बेनेगल यांचे नट सरकारी खर्चाने चालणाऱ्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात घडले. स्मिता पाटील त्यांना दिसल्या त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचताना. जानेवारीत पुण्यात निधन झालेल्या किराणा घराण्याच्या गायिका प्रभा अत्रे यांनीही काही वर्षे आकाशवाणीत नोकरी केली होती.

१९९१ मध्ये नेमके काय घडले?

त्या उन्हाळ्यात परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच उरले होते. जुलैत सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण पडले, रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. २४ जुलैला अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. त्याच दिवशी आलेल्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग वगळता बाकी सर्वांचा परवाना रद्द केला. अर्थसंकल्पापेक्षा हा कागद अधिक दूरगामी होता, पण लक्षात राहिले ते भाषण.

चार महिने आधी, मार्चमध्ये, जेआरडींनी टाटा सन्सची सूत्रे रतन टाटांकडे दिली होती. समूहातल्या कंपन्या तेव्हा आपापल्या बलाढ्य प्रमुखांच्या ताब्यात होत्या. परवाना गेला तशी परदेशी स्पर्धा दारात आली, त्यामुळे त्यांना आधी घर एकत्र आणावे लागले. पुण्यात तयार झालेली ‘इंडिका’ १९९८ ची, जग्वार लँड रोव्हरची खरेदी २००८ ची. सगळेच डाव यशस्वी झाले नाहीत. २००७ मध्ये घेतलेली कोरस ही पोलाद कंपनी पुढे कित्येक वर्षे डोईजड झाली, आणि ‘नॅनो’ला सिंगूर सोडून साणंदला जावे लागले.

सगळ्यांचे एकमत होते का?

अजिबात नाही. मनोहर जोशींच्या युती सरकारने १९९५ मध्ये एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प रद्द केला आणि फेरवाटाघाटी करून काही महिन्यांत पुन्हा मान्यही केला. येचुरींच्या पक्षासह डाव्यांनी २००८ मध्ये अणुकराराच्या प्रश्नावर मनमोहन सिंग सरकारचा पाठिंबा काढला.

नरिमन यांचा हिशेब आणखी अवघड. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागताच त्यांनी अतिरिक्त सॉलिसिटर जनरलपद सोडले. दहा वर्षांनी त्यांनीच भोपाळ प्रकरणात युनियन कार्बाइडचे वकीलपत्र घेतले. पुन्हा संधी मिळाली तर तो खटला घेणार नाही, असे त्यांनी नंतर मान्य केले. श्रद्धांजलीच्या लेखांत पहिली गोष्ट ठळक आली, दुसरी बहुधा एका ओळीत.

स्मारकाचा वाद काय होता?

मनमोहन सिंग यांच्यावर २८ डिसेंबरला दिल्लीच्या निगमबोध घाटावर अंत्यसंस्कार झाले. जिथे स्मारक होईल अशाच जागी ते व्हावेत, ही काँग्रेसची मागणी होती. सरकारने स्मारकाला जागा देऊ, पण नंतर, असे सांगितले. दिल्लीत प्रत्येक नेत्यासाठी स्वतंत्र समाधी न उभारता यमुनेकाठी सर्वांसाठी एकच राष्ट्रीय स्मृतिस्थळ असावे, हा निर्णय २०१३ चा. तो ज्या मंत्रिमंडळाने घेतला, त्याचे प्रमुख मनमोहन सिंगच होते.