लाट येते कोठून आणि पाणी जाते कोठे?

‘तरंगाबरोबर ऊर्जा पुढे जाते, माध्यम पुढे जात नाही,’ हे वाक्य तुम्ही उत्तरपत्रिकेत कितीदा तरी लिहिले असेल. दोरीला झटका दिला की लाट दुसऱ्या टोकाला पोचते, दोरी मात्र जागच्या जागी राहते. तळ्यात दगड टाकला की वर्तुळे काठाकडे जातात, पण पाण्यावरचे वाळके पान तेथेच वरखाली होत राहते. भर समुद्रातही बहुतांशी हेच घडते. समुद्रकिनाऱ्याजवळच्या शेवटच्या शंभर-दोनशे मीटरांत मात्र हे वाक्य लागू पडत नाही. तेथे लाट फुटते आणि तिच्याबरोबर पाणी खरोखरच पुढे येते. पुढे आलेल्या पाण्याला परत जावेच लागते. ते कोणत्या वाटेने परत जाते, हा प्रश्न परीक्षेत सहसा येत नाही. समुद्रावर सहलीला जाणाऱ्या प्रत्येकाला मात्र त्याचे उत्तर माहीत असावयास हवे.

अलीकडे सहलींचा ओघ गर्दीच्या किनाऱ्यांकडून आडबाजूच्या किनाऱ्यांकडे वळू लागला आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण घ्या. सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे आणि त्याच्या दक्षिणेस नाना फडणविसांचे हे छोटे गाव. येथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या अंडी घालतात. ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने २००२ साली या घरट्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. उन्हाळ्याच्या सुरुवातीस अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले समुद्रात सोडतात, ते पाहण्यास लांबून लोक येतात आणि गावातील घरांतच उतरतात. पिल्ले सोडण्याचा कार्यक्रम सकाळी आणि सायंकाळी असतो. मधला सारा दिवस मोकळा. समोर स्वच्छ वाळू आणि एकामागून एक येणाऱ्या लाटा. अशा वेळी पाय आपोआप पाण्याकडे वळतात.

असे किनारे आहेत तसेच राहावेत आणि विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तेथे समुद्र वाचता येऊ लागल्याशिवाय कोणी पाण्यात उतरू नये, हेही मी तितक्याच आग्रहाने सांगेन.

हा आग्रह उगाच नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यातील लेमूर या किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी असेच गेले. ही सारी शिकलेली, हुशार मुले होती. तरंगांचा धडा त्यांनीही वाचला असणार. अशी दुर्घटना घडली की ‘समुद्रावर सहली नकोतच’ असा सूर निघतो. काही दिवसांनी तो विरतो आणि पुन्हा कोणतीही तयारी न करता सहली निघतात. ही दोन्ही टोके मला चुकीची वाटतात. बंदीमुळे मुलगा शिक्षकांबरोबर जाणार नाही, पण पुढे मित्रांबरोबर जाईल आणि तेव्हाही त्याला समुद्राविषयी काही माहीत नसेल.

प्रथम लाट कोठून येते ते पाहू. दुपारी खारे वारे सुटले की किनाऱ्याजवळ आखूड, घाईघाईने येणाऱ्या लाटा उठतात. दोन लाटांमध्ये चार-सहा सेकंदांचेच अंतर असते. पण एखाद्या दिवशी वारा पडलेला असूनही लांबलचक, संथ लाटा येत राहतात. त्यांचा आवर्तकाल समजा १४ सेकंद आहे. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या आवर्तकालावर अवलंबून असतो. आवर्तकालाला १.५६ ने गुणले की तो मीटर प्रतिसेकंदात मिळतो. म्हणजे ही लाट सेकंदाला सुमारे २२ मीटर, तासाला सुमारे ७९ किलोमीटर वेगाने जाते आणि तिची तरंगलांबी ३०० मीटरांहून थोडी अधिक असते. लाटांचा गट मात्र याच्या निम्म्या वेगाने, तासाला सुमारे ३९ किलोमीटर, पुढे सरकतो. दक्षिण हिंदी महासागरात ४० अंश अक्षांशाच्या आसपास सतत वादळे होत असतात. तेथपासून वेळासपर्यंतचे अंतर सुमारे ६,४०० किलोमीटर भरते. भागाकार करून पाहा. उत्तर जवळजवळ सात दिवस येईल. आज तुमच्या पायाशी फुटणारी लाट गेल्या आठवड्यातील वादळाने धाडलेली असू शकते.

ही केवळ कल्पना नव्हे. वॉल्टर मंक या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९६३ साली न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत प्रशांत महासागरात मोजणीकेंद्रे उभारली आणि दक्षिणेकडील वादळांच्या लाटा दहा हजार किलोमीटरांहून दूर गेल्याचे दाखवून दिले. केरळचे मच्छीमार अशा अचानक चढून येणाऱ्या समुद्राला ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, म्हणतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र त्याचा इशारा आधी देते. लेमूरच्या दुर्घटनेच्या वेळीही असा इशारा दिलेला होता. तेव्हा ‘आकाश निरभ्र आहे, वारा नाही, म्हणून समुद्र शांत आहे’ हे अनुमान सोडून द्या.

आता लाट किनाऱ्याजवळ आली की काय होते? पाण्याची खोली तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळाचा अडथळा जाणवू लागतो. तिचा वेग घटतो. २ मीटर खोल पाण्यात तो सेकंदाला जेमतेम ४.४ मीटर उरतो. आवर्तकाल बदलत नाही, म्हणून तरंगलांबी ३०० मीटरांवरून ६० मीटरांच्या आसपास येते. तीच ऊर्जा थोड्या जागेत दाटली की लाट उंच होते. खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे १.३ पट झाली की लाट कोसळते. म्हणजे एक मीटर उंचीची लाट तुमच्या छातीएवढ्या पाण्यात फुटणार, नेमकी जेथे मुले खेळत असतात तेथे. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हेही ध्यानात ठेवा. दुप्पट उंच लाट चौपट ऊर्जा आणते.

फुटलेल्या लाटांनी काठाशी आणलेले पाणी सर्वत्र सारखे परत जात नाही. वाळूच्या किनाऱ्यावर पाण्याखाली वाळूचे दांडे असतात आणि त्यांत कोठे कोठे खिंडी असतात. काठाशी साचलेले पाणी आडवे वाहत अशा खिंडीपाशी येते आणि तेथून अरुंद, वेगवान प्रवाहाने समुद्रात परतते. इंग्रजीत याला रिप करंट म्हणतात. आपण त्याला परतीचा प्रवाह म्हणू. त्याचा वेग बहुधा सेकंदाला अर्धा ते एक मीटर असतो, क्वचित दोन मीटरांपर्यंतही जातो. खिंडीत पाणी अधिक खोल असल्याने लाटा तेथे फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये शांत, काळसर पट्टा, असे दृश्य दिसते. अनोळखी माणूस त्या शांत पट्ट्यातच उतरतो, कारण तो त्याला सर्वांत सुरक्षित वाटतो. सर्वांत मोठा धोका नेमका तेथेच असतो.

या प्रवाहात सापडलेला माणूस काय करतो? तो काठाकडे तोंड करून जीव खाऊन पोहू लागतो. हिशेब करू. प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटर आणि साधारण पोहणाऱ्याचा ०.६ मीटर धरा. तो सर्व शक्ती लावूनही सेकंदाला ०.४ मीटर मागेच जातो. मिनिटाला २४ मीटर! थकून तो बुडतो. प्रवाह त्याला खाली ओढत नाही, त्याचा स्वतःचा दमच त्याला बुडवतो. आता नदीतील नावेचे सापेक्ष वेगाचे गणित आठवा. प्रवाह २० मीटर रुंद आहे आणि तो मध्यभागी आहे. किनाऱ्याला समांतर पोहत गेला तर १० मीटर अंतर सुमारे १७ सेकंदांत तुटते. तेवढ्यात तो १७ मीटर आत जाईल, पण प्रवाहाबाहेर पडेल. तेथून फुटणाऱ्या लाटाच त्याला काठाकडे आणण्यास मदत करतील. पोहता येत नसेल किंवा दम संपला असेल, तर उताणे होऊन तरंगावे, हात वर करून हाक मारावी. प्रवाह लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे बहुधा मंदावतो.

‘आम्ही पोहणार नाही, गुडघाभर पाण्यातच उभे राहू’, असे तुम्ही म्हणाल. पाण्यात बुडालेल्या पायांचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर धरले, तर सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी सुमारे १० किलो वजनाइतका रेटा देते. वेग दुप्पट झाला की तोच रेटा ४० किलोंवर जातो. त्यातच पायाखालची वाळू सरकत असते.

खाडीच्या मुखाजवळ धोका आणखी वाढतो. ओहोटीच्या वेळी खाडीत भरलेले सारे पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्रात धावते. म्हणून ओहोटीची वेळ आधी काढावी. कोकणात त्यासाठी एक जुना आडाखा आहे. तिथीची पाऊणपट करावी, तो पूर्ण भरतीचा अंदाजे तास. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तास पाणी उतरत असते आणि त्यांतील मधले दोन तास ओढ सर्वांत जास्त. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. पाऊणपटीचे रहस्य त्यातच आहे.

कोणी म्हणेल, अशा किनाऱ्यांचा विकास करावा, म्हणजे ते सुरक्षित होतील. पण दुकाने आणि सिमेंटचे कट्टे पाण्याखालची खिंड बुजवीत नाहीत. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ दूर अरबी समुद्रात असताना मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर मुले बुडाली. भर शहरातला, जीवरक्षक असलेला तो किनारा. जीवरक्षक हवेतच, परंतु प्रत्येक आडगावच्या वाळूवर ते असतील असे समजून चालणार नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे. सहलीपूर्वी एक तास फळ्यावर फुटणारी लाट, वाळूचा दांडा आणि परतीचा प्रवाह यांची आकृती काढा. त्या दिवसाचा लाटांचा इशारा पाहा. किनाऱ्यावर पोचताच गावातील मच्छीमाराला विचारा की ओढ कोठे आहे. त्याचे ‘येथे उतरू नका’ हे शब्द अंतिम माना. सोबत एक लांब दोर आणि झाकण घट्ट बसणारे पाच लिटरचे दोन-तीन रिकामे कॅन ठेवा. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे असा एक कॅन सुमारे पाच किलो भार पेलतो, डोके पाण्यावर राहण्यास तेवढे पुरते. कोणी बुडू लागले तर हाताला हात धरून पाण्यात शिरू नका. दोर किंवा कॅन फेका आणि ११२ क्रमांकावर कळवा.

आणि विद्यार्थी मित्रहो, पाण्याला पाय लावण्यापूर्वी वीस मिनिटे उंचवट्यावर बसा. वीसच का? कारण जवळजवळच्या कंपनसंख्यांच्या लाटा मिसळून ध्वनीतल्या विस्पंदांसारखे लहानमोठे गट तयार होतात. पाच मिनिटे लहान लाटा येतात आणि मग अचानक चार मोठ्या. एका ठिकाणी नजर ठेवून अकरा लाटांची शिखरे मोजा, मधल्या वेळेला दहाने भागा. हा आवर्तकाल. त्यावरून खोल समुद्रातील वेग काढा. मग फेसाचा पट्टा किंवा तरंगणारे लाकूड कोणत्या वाटेने समुद्राकडे जाते ते पाहून वहीत किनाऱ्याची आकृती काढा आणि त्या वाटेवर फुली मारा. परत आल्यावर ती आकृती वर्गात लावा, म्हणजे पुढच्या वर्षी तेथे जाणाऱ्या मुलांना फुली कोठे आहे ते आधीच कळेल.