धक्का तुमच्या बापाचा आहे काय?

कोणत्याही जोडसुट्टीला दाभोळच्या धक्क्यावर जाऊन पाहावे. वाशिष्ठीच्या मुखाशी फेरीबोट येऊन खोळंबलेली असते. तिला फाळका टाकायचा असतो, पण टाकणार कुठे? उताराच्या टोकाला, पाण्याला चाके टेकवून, एक भलीदांडगी गाडी आडवी पडलेली! मालक तिकिटाच्या खिडकीवर हुज्जत घालताहेत, बाईसाहेब सेल्फीत मग्न आहेत आणि चिरंजीव डिकी उघडून वेफर्सची पिशवी शोधताहेत. बोटीतल्या माणसांनी उतरायचे कुठून, हा प्रश्न या कुटुंबाच्या डोक्याला शिवतही नाही.

ही बेशिस्त नव्हे, ही मुजोरी आहे! बोट रिकामी झाल्याशिवाय भरता येत नाही, एवढे शेंबड्या पोरालाही कळते. पण उतरणाऱ्यांची वाट अडवून आपण आधी चढू, असे समजणाऱ्या सुशिक्षितांना ते कळत नाही. मुंबईत बेस्टच्या थांब्यावर निमूटपणे रांग लावणारा हाच गृहस्थ खाडीवर आला की त्याच्या अंगात संस्थानिक कसा संचारतो?

आणि यात भरडले कोण जाते? पर्यटकाला ती गंमत आहे. इथल्या माणसाचा तो रोजचा रस्ता आहे. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरी सुरू झाली आणि दापोली-गुहागर हे दोन तालुके शेजारी झाले. मासळीची पाटी घेऊन निघालेल्या कोळणीचा बर्फ धक्क्यावरच वितळतो. ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो; तिथे शेवाळ असते. वर गाड्यांनी वाट अडवली की दुचाकीवाल्याला नेमके त्या बुळबुळीत पट्ट्यावर ब्रेक दाबावा लागतो. पुढचे सांगायला नको. बाणकोटच्या खाडीवर पुलाचे खांब वर्षानुवर्षे अर्धवट उभे आहेत, त्यामुळे वेसवी-बागमांडल्यालाही फेरीबोटीवाचून गत्यंतर नाही. तिथले चित्र वेगळे नाही. गोव्यात मांडवीकाठच्या फेरीधक्क्यांवरही बोट लागायच्या आत दुचाक्या पुढे घुसतातच.

सरकारलाही आम्ही सोडणार नाही. लाखोंचे काँक्रीट ओतायला पैसा आहे. त्यावर पिवळी रेघ मारायला नाही? बोट रिकामी होईपर्यंत त्या रेघेपुढे एकही चाक जाता कामा नये. तिकीट, सामान, लघुशंका, फोटो, सारे रेघेच्या मागे उरकावे. गाडी रेघेवर येईल तेव्हा चालक जागेवर आणि किल्ली लावलेली असावी. उतरलेल्या गाडीनेही उतारावर थांबून नकाशा उघडू नये, सरळ वर निघून जावे. रुग्णवाहिका आणि मासळीचा टेम्पो आधी. शिट्टी वाजवणाऱ्या खलाशाचा शब्द तिथे अंतिम, मग समोर आमदाराची गाडी असो वा मंत्र्याची! आमदारांच्या गाड्या रांगेत दिसू लागल्या की बाकीचे आपोआप मागे सरतील, हे आम्ही अनुभवाने सांगतो. रेघ ओलांडणाऱ्याला दंड तर हवाच, पण त्याहून झोंबणारी शिक्षा म्हणजे त्याला रांगेच्या शेपटाशी पाठवणे.

ज्यांना रांगेत उभे राहणे कमीपणाचे वाटते, त्यांनी खुशाल खेड-चिपळूणचा वळसा घालावा. २०११ पासून काम चालू असलेला मुंबई-गोवा महामार्ग आणि परशुराम घाट त्यांच्या स्वागताला सज्ज आहेत.