स्वसंरक्षणात हल्लेखोराचा जीव गेला तर? कायदा काय सांगतो

‘कलम २३३ नुसार महिला हल्लेखोराला ठार मारू शकते, खुनाचा गुन्हा दाखल होणार नाही,’ असा मेसेज काही वर्षांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता. दंड संहितेतील ते कलम प्रत्यक्षात खोटी नाणी पाडण्याच्या साधनांबद्दल होते! स्वसंरक्षणाचा हक्क मात्र खरा आहे आणि तो महिला-पुरुष सर्वांना आहे. पण ‘गुन्हाच दाखल होणार नाही’ यावर विसंबून राहू नका.

हक्क कुठे लिहिला आहे?
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्याही शरीराचा, मालमत्तेचा बचाव करता येतो. जुन्या दंड संहितेत हीच तरतूद कलम ९६ ते १०६ मध्ये होती.

जीव घेण्यापर्यंत हक्क कधी जातो?
कलम ३८ नुसार पुढील हल्ल्यांत:
• मृत्यू किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती
• बलात्कार, अनैसर्गिक अत्याचाराच्या हेतूने हल्ला
• अपहरणासाठी हल्ला
• पोलिसांची मदत मिळणार नाही अशा रीतीने डांबून ठेवण्यासाठी हल्ला
• अ‍ॅसिडहल्ला (२०१३ मध्ये समावेश)

मालमत्तेसाठी हा हक्क जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयादरम्यानची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे अशा प्रसंगांत मिळतो. मोबाइल हिसकावून पळणाऱ्याला पकडता येते, पण चोरी झाली एवढ्यावरून त्याचा जीव घेता येत नाही.

मर्यादा कोणत्या?
बचावापुरतेच बळ वापरायचे. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हक्क नाही. धोका संपला की हक्कही संपतो. खाली पडलेल्या, शस्त्र टाकलेल्या माणसाला मारत राहणे हा बचाव नव्हे, सूड आहे. सद्हेतूने, पूर्वतयारीशिवाय मर्यादा ओलांडली गेली तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरू शकतो. त्यालाही मोठी शिक्षा आहे.

मग पळून जायला हवे होते का?
नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हल्ला झाल्यावर नागरिकाने भित्र्यासारखे पळावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. जिवावर बेतलेल्या क्षणी बळ तराजूत तोलून वापरता येत नाही, हेही न्यायालये मान्य करतात.

खरी अडचण कुठे?
हे संरक्षण बहुतेकदा पोलीस ठाण्यात नव्हे, न्यायालयात मिळते. बचाव होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते. ते संशयापलीकडे सिद्ध करावे लागत नाही, ‘तसे घडले असण्याची शक्यता अधिक’ इतके पुरते. पण तिथवर पोहोचायला वर्षे जाऊ शकतात. दर्शन सिंग प्रकरणातील घटना १९९१ ची होती आणि अंतिम सुटका झाली २०१० मध्ये.

म्हणूनच प्रसंग घडल्यास लगेच ११२ वर फोन करा, स्वतःच्या जखमांची वैद्यकीय नोंद करून घ्या, सीसीटीव्ही आणि साक्षीदारांची माहिती जबाबात द्या आणि वकील गाठा. पोलिसांनीही बचावाचा दावा पहिल्याच दिवसापासून तपासला पाहिजे. हक्क कायद्यात असून तो मिळायला दोन दशके लागत असतील, तर माणूस निर्दोष सुटूनही शिक्षा भोगून झालेली असते.