राज्य गेले, काम सापडले

रविवारची दुपार. जेवणे आटोपली आहेत, कुणी आडवे झाले आहे, कुणी वर्तमानपत्राची पुरवणी चाळत आहे. अशा वेळी घरातले कुणीतरी सहज एक प्रश्न टाकते, "समजा, पगाराची काळजी नाही, घराचे हप्ते नाहीत, लोक काय म्हणतील याची भीती नाही. मग तुम्ही कोणते काम कराल?"

क्षणभर सगळे गप्प होतात. मग एकेक उत्तर येते. धाकट्याला क्रिकेटचे समालोचन करायचे असते. थोरलीला डोंगरातल्या एखाद्या गावी शाळा काढायची असते. आईला पुस्तकांचे छोटेसे दुकान हवे असते, आणि तिथे दुपारी स्वतःच वाचत बसायचे असते. वडील हसून म्हणतात, "मी तर आधी महिनाभर झोपा काढीन." हशा पिकतो, चहा येतो आणि कपबशांबरोबर तो प्रश्नही आत जातो.

खरे तर तो इतक्या लवकर सोडून देण्यासारखा नाही. कारण 'समजा' हा शब्द काढून टाकला तर काय होते, हे एका मराठी माणसाने प्रत्यक्ष जगून दाखवले आहे. तेही महाराष्ट्रात नव्हे, तर दूर कावेरीकाठी, तंजावरला.

शिकू न दिलेला मुलगा

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1675 च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले. या घराण्यातल्या तुळजाजी राजांना वारस उरला नव्हता. म्हणून 1787 मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, त्यांनी भोसले कुळातला एक मुलगा दत्तक घेतला. तेच सरफोजी. त्या वेळी ते अवघे नऊ वर्षांचे होते.

तुळजाजी गेले आणि त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर आले. दत्तक मुलगा त्यांना अडचणीचा होता. सरफोजींना वाड्यात जवळजवळ कोंडूनच ठेवण्यात आले, त्यांच्या शिक्षणाची आबाळ झाली. खेळायला सवंगडी नाही आणि शिकवायला धड कुणी नाही, अशी त्या मुलाची अवस्था होती. तंजावरला राहणारे जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचा तुळजाजींशी स्नेह होता. त्यांनी या मुलाची बाजू घेऊन इंग्रज अधिकाऱ्यांकडे दाद मागितली. अखेर 1793 मध्ये सरफोजींना मद्रासला हलवण्यात आले आणि तिथे त्यांचे शिक्षण नीट सुरू झाले.

पुढे जे घडले त्याचे मूळ याच दिवसांत असावे. ज्या मुलाला पोटभर जेवायला मिळत नाही, तो मोठेपणी अन्नाचा कण वाया घालवत नाही. ज्याला शिकू दिले नाही, तो शिकण्याच्या बाबतीत तसाच होतो.

बाविसाव्या वर्षी निवृत्त

दत्तकविधानाचा वाद मिटून 1798 मध्ये सरफोजी गादीवर बसले. पण कंपनी सरकारने या मदतीची किंमत लगेच वसूल केली. ऑक्टोबर 1799 मध्ये तह झाला आणि तंजावर राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. राजांकडे उरला तो किल्ला आणि वाडा. त्याशिवाय वर्षाला एक लाख पागोडा, म्हणजे होन, आणि राज्याच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा त्यांना मिळायचा होता.

जरा विचार करा. वय बावीस. नाव राजा, पण न्यायनिवाडा नाही, फौज नाही, सारावसुली नाही. हातात पैसा भरपूर आणि वेळ त्याहून भरपूर. रविवारच्या दुपारचा तो 'समजा' इथे खराच होऊन समोर उभा राहिला होता. मात्र तो आनंदाने आलेला नव्हता, अपमान म्हणून आला होता. पूर्वजांनी मिळवलेले राज्य आपल्या सहीने गेले, ही बोच घेऊन या माणसाला उरलेले आयुष्य काढायचे होते.

वेळ आणि पैसा दोन्ही असले, की ते उडवण्याचे सोपे मार्ग राजवाड्यात कमी नसतात. सरफोजींनी ते धरले नाहीत. त्यांनी कामे शोधली. एक नव्हे, अनेक.

ग्रंथपाल, वैद्य, मुद्रक, शिक्षक

पहिले काम ग्रंथपालाचे. तंजावरच्या वाड्यात नायक राजांच्या काळापासून ग्रंथसंग्रह होता. सरफोजींनी त्याला खरे रूप दिले. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी अशा भाषांतल्या पोथ्या जमवल्या, पंडित बसवून दुर्मीळ पोथ्यांच्या नकला करून घेतल्या. 1820 ते 1822 या काळात ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला गेले. यात्रेकरू गंगाजल घेऊन परततात. सरफोजींनी पोथ्याही आणल्या. काशीच्या घाटांची चित्रेही काढून घेतली. विलायतेहून मागवलेल्या पुस्तकांची संख्या साडेचार हजारांच्या आसपास गेली. त्यांत डॉ. जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश होता आणि वैद्यकापासून प्राणिशास्त्रापर्यंतचे ग्रंथ होते. यांतल्या अनेक पुस्तकांवर राजांची स्वाक्षरी आढळते.

दुसरे काम वैद्याचे. 'धन्वंतरी महाल' नावाच्या संस्थेत देशी वैद्यक आणि पाश्चात्त्य वैद्यक शेजारीशेजारी नांदत होते. औषधे तयार होत, ती देऊन पाहिली जात, गुण आला की नाही हे पाहिले जाई आणि गुणकारी ठरलेले उपाय तमिळ पद्यात बांधून ठेवले जात. सरफोजींना विशेष ओढ होती ती डोळ्यांच्या आजारांची. मॅकबीन नावाच्या इंग्रज डॉक्टरच्या साहाय्याने तिथे डोळ्यांवर उपचार आणि शस्त्रक्रिया होत. त्यांतल्या चाळीसहून अधिक रुग्णांचे कागद आजही उपलब्ध आहेत. रुग्ण कोण, काय तक्रार घेऊन आला, कोणते उपचार झाले, दृष्टी किती सुधारली, याची नोंद त्यांत आहे. सोबत त्या डोळ्याचे रंगीत चित्र. मजकूर इंग्रजीत, काही ठिकाणी मोडीतही. आज दवाखान्यात आपल्या नावाची जी फाइल असते, तिचीच ही दोनशे वर्षांपूर्वीची थोरली बहीण.

तिसरे काम मुद्रकाचे. 1805 च्या सुमारास त्यांनी तंजावरला देवनागरी छापखाना उभारला. त्या शतकाच्या पहिल्याच दशकात तिथून 'बालबोधमुक्तावली' हे मराठी पुस्तक बाहेर पडले. त्यात इसापाच्या गोष्टी होत्या. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या इसपनीतीच्या गोष्टी छापल्या गेल्या त्या 1828 मध्ये. म्हणजे कोल्हा आणि द्राक्षे मराठीत छापून आली ती आधी तमिळ मुलुखात!

आणि चौथे काम शिक्षकाचे. आपल्या प्रिय मुक्तांबाबाईच्या स्मरणार्थ त्यांनी 1802 मध्ये ओरत्तनाडू येथे छत्र बांधले. छत्र म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा आणि अन्नछत्र. सरफोजींनी तिथे शाळाही चालवली. पण त्यांच्यातला शिक्षक खरा दिसतो तो 'देवेंद्र कोरवंजी' या त्यांच्या मराठी नाटकात. दक्षिणेत कोरवंजी हा लोकप्रिय नाट्यप्रकार आहे. त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते, नायिकेचा हात पाहते आणि आपल्या मुलुखाचे वर्णन करते. सरफोजींची कोरवंजी वर्णन करते ते साऱ्या जगाच्या भूगोलाचे! खंड, देश, समुद्र हे सगळे तिच्या तोंडून प्रेक्षकांच्या कानी पडते. भूगोलाचा तास रंजक करण्याची ही युक्ती आजच्या शिक्षकांनाही मोह पाडील.

याखेरीज बृहदीश्वराच्या भव्य मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. दरबारात रुळलेली पाश्चात्त्य वाद्ये आहेत. त्यांच्या नावाचे 'शरभेंद्र पाकशास्त्र'सुद्धा आहे. मार्च 1826 मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर तंजावरला आले. विलायती शास्त्रज्ञांची नावे आणि मते सहज सांगणारा, शेक्सपिअरवर स्वतःचे मत असणारा हा राजा पाहून ते थक्क झाले. त्यांनी तसे लिहूनही ठेवले. त्यानंतर काही दिवसांतच तिरुचिरापल्ली येथे हेबर यांचा मृत्यू झाला.

"राजाला काय हो!"

इथपर्यंत वाचून कुणी गृहिणी म्हणेल, "राजाला काय हो! सकाळचे दूध, मुलांची फी, सासऱ्यांची औषधे हे कोण बघणार होते?" हा आक्षेप अगदी खरा आहे. तो टाळून पुढे जाता येणार नाही.

सरफोजींचा खर्च चालत होता तो तंजावरच्या भातशेतीच्या उत्पन्नावर. चिखलात उभे राहून रोप लावणाऱ्या बाईला तिचे आवडते काम कोणते, असे कुणी विचारले नव्हते. पोथ्यांच्या नकला करणारे लेखक, डोळ्यांची चित्रे काढणारे चितारी, खिळे जुळवणारे कामगार यांनाही ते कुणी विचारले होते का? एका माणसाचे स्वप्न पुरे व्हायला अनेकांचे हात लागतात. आपल्या घरातही वेगळे नसते. घरातल्या एकाने नोकरी सोडून चित्रकला धरली, तर दुसऱ्या कुणाला तरी महिन्याचा हिशेब जुळवावा लागतो. त्या दुसऱ्याची संमती आणि त्याचे कष्ट मोजल्याशिवाय 'मनासारखे काम' ही गोष्ट पुरी होत नाही.

पण एवढ्याने सरफोजींची गोष्ट संपत नाही. त्यांच्याजवळ पैसा होता म्हणून ते हे करू शकले, हे खरे. पण पैसा होता म्हणून त्यांनी हे केले, असे मात्र नाही. पैशाने शब्दकोश विकत घेता येतो. डोळ्याच्या रुग्णाची तक्रार, उपचार आणि सुधारणा पुन्हा पुन्हा कागदावर आणण्याची चिकाटी विकत मिळत नाही. ते कंटाळवाणे काम आहे. पोथ्यांची निगा राखणे कंटाळवाणे आहे. नकल मुळाशी ताडून पाहणे त्याहून कंटाळवाणे.

आणि नेमकी इथेच खरी परीक्षा असते. स्वप्नातल्या कामाचा आपण फक्त दर्शनी भाग पाहतो. पुस्तकांचे दुकान म्हटले की खुर्चीत बसून वाचणे दिसते. धूळ झटकणे, न खपलेली पुस्तके परत पाठवणे दिसत नाही. डोंगरातली शाळा म्हटली की हसरी मुले दिसतात. पावसाळ्यात गळणारे छप्पर दिसत नाही. ज्या कामाचा कंटाळवाणा भागसुद्धा आपण तक्रार न करता करू, ते आपले काम. बाकीच्या आवडी, त्याही असाव्यात, पण त्यांच्यासाठी राजीनामा लिहू नये.

थोडा व्यवहार, थोडे स्वप्न

म्हणून तो प्रश्न पुढच्या वेळी निघाला, तर थोडा बदलून विचारून पाहा. पैशाची चिंता नसती तर काय केले असते, याबरोबरच त्या कामातला सर्वांत रुक्ष भाग कोणता आणि तो रोज तासभर करायला आवडेल का, हेही विचारा. उत्तर 'हो' आले, तर तो तास आजच्या दिवसात कुठे बसतो ते घरच्यांनी मिळून पाहावे. समालोचक होऊ पाहणाऱ्या धाकट्याने गल्लीतल्या सामन्याची धावसंख्या लिहायला घ्यावी. आईने घरातल्या पुस्तकांची यादी करून शेजारच्या मुलांना ती वाचायला द्यावीत. आणि वडिलांना खरोखरच झोप हवी असेल, तर तेही गंभीरपणे घ्यावे. वर्षानुवर्षे दमलेल्या माणसाला स्वप्न आठवायला आधी विश्रांती लागते.

सरफोजी 1832 मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजी 1855 मध्ये पुत्राविना गेले आणि तंजावरचे नावापुरते उरलेले राज्यही संपले. ग्रंथालय मात्र टिकले. बर्नेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या संस्कृत पोथ्यांची सूची केली, ती 1880 मध्ये प्रसिद्ध झाली. 1918 मध्ये ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. आज सरस्वती महाल ग्रंथालयाला सरफोजी राजांचेच नाव आहे. तिथे हजारो ताडपत्रे आणि पोथ्या आहेत, मराठी हस्तलिखिते आहेत आणि मोडी लिपीतल्या कागदांचा मोठा साठा आहे. तो वाचायचा तर मोडी वाचणारी माणसे हवीत.

महाराष्ट्रात मोडीचे वर्ग भरतात, आणि ही लिपी घरबसल्याही शिकता येते. सुरुवातीला ती चांगलीच कंटाळवाणी वाटते. एखाद्याला ती तरीही आवडली, तर तंजावरला त्याच्यासाठी काम पडले आहे.