मोतीबिंदूला शिबिर आहे, पण गेलेली नजर परत न देणाऱ्या आजारांचं काय? बुलढाण्यातून समजून घ्या

बुलढाणा जिल्ह्यात कुठल्याही पुढाऱ्याचा वाढदिवस असला, की फ्लेक्सवर एक ओळ बहुतेक वेळा दिसते: मोफत नेत्रतपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर. यात वाईट काहीच नाही. अशा शिबिरांमुळे असंख्य म्हाताऱ्या माणसांना पुन्हा दिसायला लागलं आहे.

पण या शिबिरांनी आपल्याला नकळत एक सवयही लावली. नजर अंधूक झाली तरी घाई नाही. सोयाबीन निघू दे, लग्न उरकू दे, मोतीबिंदू 'पिकू' दे. मग ऑपरेशन करू, की दिसेल.

मोतीबिंदूपुरतं हे बऱ्याच अंशी चालून जातं. त्यात डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होतं, ते काढून नवं बसवता येतं. पण डोळ्याचे असे गंभीर आजार आहेत जिथे गेलेली नजर परत येत नाही, आणि तिथे हीच 'थांबू' म्हणायची सवय माणसाला आंधळं करते.

हा विषय आत्ता का? कारण जिल्ह्यात दोन गोष्टी बदलल्या आहेत. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातल्या १० नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात बुलढाण्याचं कॉलेज होतं. आणि जून २०२४ मध्ये जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव केंद्रात आयुष आणि आरोग्य खात्याचे राज्यमंत्री झाले. म्हणजे डोळ्यांच्या बाबतीत बुलढाण्याने नेमकं काय मागायचं, हे ठरवायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

आकडे काय सांगतात?

देशात अंधत्वाचं शेवटचं मोठं सरकारी सर्वेक्षण २०१५ ते २०१९ या काळात झालं. पन्नाशीच्या पुढच्या लोकांमध्ये अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण अर्थातच मोतीबिंदू निघालं, ६६.२ टक्के. त्यामुळे सरकारचा भर त्यावर आहे, हे समजण्यासारखं आहे.

पण त्याच सर्वेक्षणातली दुसरी ओळ फारशी कुणी वाचत नाही. पन्नाशीच्या आतल्या लोकांमध्ये पहिल्या क्रमांकावर मोतीबिंदू नाही. तिथे कॉर्नियावर पडलेला डाग आहे, ३७.५ टक्के. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा. त्यावर पांढरा डाग पडला की आपल्याकडे म्हणतात, 'डोळ्यात फूल पडलं'.

पन्नाशीच्या आतला म्हणजे कमावता माणूस. बुलढाण्यासारख्या सोयाबीन, कापूस, तूर आणि मक्याच्या जिल्ह्यात हा आकडा थेट शेताशी जोडलेला आहे.

कुटार उडतं, डोळ्यात जातं

सोयाबीनची सोंगणी होते, थ्रेशर लागतं, कुटार उडतं. कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी लागते. तुरीच्या खुंटावर वाकलं की डोळ्याला ओरखडा बसतो. असं दर हंगामात होतं आणि बहुतेक वेळा डोळा आपोआप बराही होतो.

होत नाही तेव्हा काय घडतं? कॉर्नियावर बारीक जखम झालेली असते. काडीसोबत किंवा कुटारासोबत बुरशी आत जाते. दोन-तीन दिवसांत डोळा लाल होतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरट ठिपका दिसतो. डॉक्टर याला कॉर्नियाचा अल्सर म्हणतात. जिवाणूंमुळेही तो होतो, पण शेतातल्या काडीकचऱ्याच्या जखमेत बुरशीचा संशय आधी घ्यावा लागतो.

इथून पुढचा रस्ता गावात प्रत्येकाला माहीत आहे. आधी गुलाबजल. मग मेडिकलवर जाऊन 'डोळा लाल झालाय, काहीतरी द्या'. दुकानदार जी बाटली देतो, तिच्यात अनेकदा अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल, तर ते स्टेरॉइड. ते टाकलं की लाली उतरते, दुखणं कमी होतं, माणूस खुश. आत मात्र शरीराची लढायची ताकद दबलेली असते आणि बुरशी मोकाट पसरते. आठवड्याभराने डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत ठिपक्याचं फूल झालेलं असतं.

खरं निदान तसं साधं आहे. डॉक्टर अल्सरच्या कडेचा अगदी बारीक अंश खरवडतो, काचेच्या पट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का बघतो. यासाठी कोट्यवधींचं मशीन लागत नाही. लागतो तो डोळ्यांचा डॉक्टर, सूक्ष्मदर्शक आणि ते वाचता येणारा माणूस.

औषधही आहे. नॅटामायसिन नावाचे थेंब सुरुवातीला साधारण तासातासाला टाकावे लागतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या चाचणीत ३२३ रुग्णांवर नॅटामायसिन आणि व्होरिकोनाझोल या नव्या औषधाची तुलना झाली. २०१३ मध्ये निकाल आला आणि जुनं नॅटामायसिनच सरस ठरलं. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

बुलढाण्यात असे किती रुग्ण असतील? एक ढोबळ हिशोब करता येतो. मदुराई जिल्ह्यात १९९०च्या दशकातल्या अभ्यासात दर लाख लोकांमागे वर्षाला ११३ अल्सर आढळले होते. २०११ च्या जनगणनेत बुलढाण्याची लोकसंख्या २५.८६ लाख होती. तोच दर इथे लावला तर वर्षाला २,९०० च्या आसपास डोळे होतात. तिथलं हवामान वेगळं, पिकं वेगळी, काळही वेगळा, त्यामुळे हा आकडा व्हॉट्सअॅपवर 'बुलढाण्यात २,९०० रुग्ण' म्हणून फिरवू नका. पण प्रश्न दहा-वीस लोकांचा नाही, एवढं त्यातून कळतं.

नेपाळमधल्या भक्तपूरमध्ये यावर एक प्रयोग झाला. गावातल्या स्वयंसेवकांना ओरखडा ओळखायला शिकवलं आणि लगेच अँटिबायोटिक मलम लावायला दिलं. ४४२ ओरखड्यांपैकी ९६ टक्के संसर्ग न होता बरे झाले, आणि १८ तासांच्या आत आलेल्या एकालाही अल्सर झाला नाही. हा अभ्यास २००१ मध्ये छापून आला. नंतर नेपाळमध्येच याच कल्पनेची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०२२ मध्ये आला, आणि त्यात स्वयंसेवक असलेल्या व नसलेल्या गावांत अल्सरच्या प्रमाणात फरक दिसला नाही. माझं वाचन असं, की मलमाची ट्यूब गावात ठेवणं हा सोपा भाग आहे. ओरखडा बसलेला माणूस सोंगणी सोडून त्याच दिवशी यायला हवा, ही खरी अडचण आहे. मजुरी बुडते हो.

नावात बिंदू, पण मोती नाही

काचबिंदूचं दुखणं वेगळं. यात बहुधा डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. नजर कडेकडेने जाते. समोरचं स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. बैलगाडी बाजूने आली ती दिसली नाही, पायरी चुकली, एवढंच. नेहमीच्या प्रकारात डोळा दुखतही नाही.

भारतात चाळिशीच्या पुढच्या सुमारे १.१ कोटी लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला. दक्षिण भारतात गावोगाव जाऊन झालेल्या पाहणीत ज्यांना काचबिंदू निघाला, त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांना तो असल्याचं आधी माहीतच नव्हतं.

आता शिबिराची सवय इथे लावून बघा. आजोबांना कमी दिसतं, घरचे म्हणतात मोतीबिंदू असेल, पिकू द्या. तो खरंच मोतीबिंदू असेल तर वर्षभराने फार बिघडत नाही. पण काचबिंदू असेल तर त्या वर्षात गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. उपचार फक्त उरलेली नजर वाचवतात: दाब कमी करणारे थेंब रोज, बहुधा आयुष्यभर, गरज पडली तर लेझर किंवा शस्त्रक्रिया.

आणि हे 'आयुष्यभर'च महाग पडतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून प्रति कुटुंब वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे आणि त्यासाठी आता रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत. पण योजनेचा गाभा आहे दवाखान्यात भरती होऊन होणारे उपचार. दर महिन्याला मेडिकलवरून आणायची थेंबांची बाटली त्या चौकटीत नीट बसत नाही.

साखर असेल तर

मधुमेहात डोळ्यामागचा पडदा, म्हणजे रेटिना, खराब होतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या गळतात. इथेही सुरुवातीला लक्षण शून्य. २०१५-१९ च्याच काळातल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेह असलेल्या १६.९ टक्के लोकांमध्ये पडद्याचा आजार सापडला, आणि मधुमेह असल्याचं माहीत असलेल्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी त्यासाठी डोळे कधी दाखवलेच नव्हते. साखर मोजतात, पाय बघतात, डोळा राहून जातो. वेळेत कळलं तर लेझर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. मात्र ती एकदा देऊन संपत नाहीत, आणि जळगाव जामोद किंवा संग्रामपूरच्या माणसाने दर महिन्याला अकोला किंवा संभाजीनगर गाठायचं म्हणजे एक दिवस आणि सोबतीला एक माणूस.

बाळांचं घड्याळ तर याहून वेगाने चालतं. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायलाच हवा. आणि फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत लहान मुलाचं एक बुबुळ पांढरं चमकत असेल, तर तो फोटो डोळ्यांच्या डॉक्टरला त्याच आठवड्यात दाखवा. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कॅन्सर पुष्कळदा असाच घरच्यांच्या नजरेत येतो.

व्यवस्था मोजते तेच करते

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. तेव्हापासून जिल्ह्याची कामगिरी म्हणजे 'किती मोतीबिंदू केले', हे समीकरण घट्ट बसलं. ठरवून केलं तर यश येतं, हेही खरं. खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा, ही सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केलं. बुलढाण्याच्या कॉलेजचं उद्घाटन झालं त्याच आठवड्यात.

मोतीबिंदू मोजायला सोपा आहे. एक ऑपरेशन, एक आकडा, एक हिरव्या पट्टीचा फोटो. काचबिंदूच्या रुग्णाने दहा वर्षं थेंब टाकले आणि तो आंधळा झाला नाही, याचा फोटो काय काढणार?

एक छोटा पण बोलका नमुना बघा. आशाताई तिशीपुढच्या लोकांचा जो फॉर्म भरतात, त्यात डोळ्यांविषयी विचारलेलं आहे: अंधूक दिसतं का, वाचायला त्रास होतो का, डोळा आठवड्याहून जास्त दुखतो किंवा लाल आहे का. प्रश्न चांगल्या हेतूने आहेत. पण सुरुवातीच्या काचबिंदूचा आणि मधुमेही पडद्याचा रुग्ण सगळ्यांना 'नाही' म्हणेल. आणि बुरशीच्या अल्सरसाठी 'आठवड्याहून जास्त' म्हणजे उशीर झालेला असतो.

मग कॉलेजकडून काय मागायचं? नेत्ररोग हा एमबीबीएसचा सक्तीचा विषय आहे, म्हणजे नेत्र विभाग कॉलेजला ठेवावाच लागेल. पण तो विभागही फक्त मोतीबिंदूच्या आकड्यात अडकू शकतो. माझ्या मते पहिली मागणी कॉर्नियाची हवी: सोंगणीच्या हंगामात रोज चालू राहणारी खरवड तपासणी, कारण ती स्वस्त आहे आणि या जिल्ह्याच्या पिकांशी जुळते. दुसरी, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मधुमेह तपासणीच्या दिवशी पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा. फोटो तिथला कर्मचारी काढेल, वाचणारा डॉक्टर बुलढाण्यात बसेल. दक्षिणेत अशी केंद्रं अनेक वर्षांपासून चालतात. घाटाखालच्या माणसाला निदान पहिल्या तपासणीसाठी तरी घाट चढावा लागणार नाही.

सोयाबीनची सोंगणी सप्टेंबर-ऑक्टोबरात असते. त्याआधी जिल्ह्यातल्या कुठल्या सरकारी दवाखान्यात नॅटामायसिनच्या किती बाटल्या शिल्लक आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाची फी १० रुपये आहे.